बिदर विद्यापीठ वाचले. पण त्याचे नियामक मंडळ जाब कोणाला विचारणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने अलीकडच्या वर्षांत स्थापन झालेल्या दहा विद्यापीठांचा आढावा घेतला आणि त्यांपैकी नऊ बंद करावीत, असे मत नोंदवले. चामराजनगर, हासन, हावेरी, कोडगू, कोप्पळ, बागलकोट ही जिल्हा विद्यापीठे त्या यादीत होती. वगळले गेले ते एकच, बिदर विद्यापीठ. संलग्न महाविद्यालयांची संख्या तुलनेने मोठी असल्यामुळे ते चालू ठेवावे, असे कारण त्या वेळी पुढे आले. या शिफारशीवर विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि विद्यार्थी संघटनांत बरीच चर्चा झाली. सत्ताधाऱ्यांनी पैशाचे कारण दिले, विरोधकांनी राजकीय आकसाचे. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ज्या दहा विद्यापीठांच्या जीवनमरणाचा विचार चालला होता, त्या प्रत्येकासाठी कायद्याने एक नियामक मंडळ सांगितलेले आहे. विद्यापीठाचा कारभार पाहणे हेच ज्याचे काम, त्या मंडळाचे मत या निर्णयात कोठे होते?

हा प्रश्न मन्नाएखेळ्ळीसारख्या गावातून पाहिला की अधिक स्पष्ट दिसतो. पुणे–सोलापूर–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वरचे, हुमनाबादच्या पूर्वेकडील हे बाजारपेठेचे गाव. येथून उत्तरेला बिदर, दक्षिणेला चिंचोळीमार्गे कलबुर्गी जिल्हा. कन्नड, उर्दू, मराठी आणि तेलुगू अशा चार भाषा या टापूत कानावर पडतात. बिदर शहर येथून जवळ. कलबुर्गी त्याहून बरेच दूर. गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करायची, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यायचा किंवा स्थलांतर प्रमाणपत्र आणायचे, तर पूर्वी कलबुर्गीची वाट धरावी लागे. जिल्ह्याचे विद्यापीठ झाले याचा पहिला अर्थ या गावापुरता एवढाच होता: विद्यापीठाची पायरी जवळ आली. पायरी जवळ आली. पण त्या पायरीवर उभे राहून प्रश्न विचारला तर उत्तर देणारे कोणी आहे का, हा दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न आहे.

गोव्यातील वाचकाला हा प्रवास अपरिचित वाटू नये. १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. पणजीत मुंबईचे पदव्युत्तर केंद्र होते. १९८४ च्या कायद्यानुसार १ जून १९८५ पासून गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि परीक्षा, अभ्यासक्रम, संलग्नता यांचे निर्णय मुंबईतून गोव्यात आले. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, इतिहासकार प्रा. बी. शेख अली, कर्नाटकातून आले होते. त्याआधी ते मंगळूर विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू होते. दूरच्या विद्यापीठाच्या छायेतून स्वतःच्या विद्यापीठाकडे जाण्याची आकांक्षा दोन्हीकडे सारखीच आहे. फरक पडला तो नव्या विद्यापीठाला काय देऊन उभे केले, यात.

धारवाड, कलबुर्गी, बिदर

बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि उच्च शिक्षणाचे त्यांचे केंद्र १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते तत्कालीन म्हैसूर राज्यात आले आणि त्यांचा संबंध धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडला गेला. त्याच जुन्या हैदराबाद राज्यातील मराठी भागाला, म्हणजे मराठवाड्याला, १९५८ साली औरंगाबाद येथे स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. कन्नड भागाला मात्र थांबावे लागले. १९७० मध्ये धारवाडचे पदव्युत्तर केंद्र कलबुर्गीत आले आणि १९८० मध्ये त्याचे गुलबर्गा विद्यापीठ झाले.

त्यानंतरचा इतिहास विभाजनाचा आहे. बळ्ळारी आणि कोप्पळ हे जिल्हे २०१० मध्ये बळ्ळारीच्या विद्यापीठाकडे गेले. रायचूर आणि यादगीरसाठी रायचूर येथे विद्यापीठ झाले. पुढे २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने बिदरसह सात जिल्ह्यांत नवी विद्यापीठे निर्माण झाली आणि मार्च २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले. भालकी तालुक्यातील हलहळ्ळी येथे गुलबर्गा विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. बिदर विद्यापीठ त्याच पायावर उभे राहिले.

या सात विद्यापीठांमागची कल्पनाच काटकसरीची होती. जी पदव्युत्तर केंद्रे आहेत त्यांनाच विद्यापीठाचा दर्जा द्यायचा, नवी जमीन, मोठ्या इमारती आणि मोठ्या प्रमाणावर नवी पदे टाळायची आणि तंत्रज्ञानाच्या साहाय्याने कारभार चालवायचा. कागदावर ही कल्पना आकर्षक वाटते. प्रत्यक्षात विद्यापीठ चालते ते संलग्नता शुल्क, परीक्षा शुल्क आणि सरकारी अनुदान या तीन स्रोतांवर. जिल्हा वेगळा झाला की पहिले दोन स्रोत नव्या विद्यापीठाकडे वळतात. जुन्या विद्यापीठाकडे कर्मचारी, इमारती आणि निवृत्तिवेतनाचा भार तसाच राहतो. म्हैसूर आणि धारवाड येथील जुनी विद्यापीठे निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाने किती त्रस्त आहेत, हे कर्नाटकात सर्वश्रुत आहे. म्हणजे एका विद्यापीठाच्या जागी दोन विद्यापीठे झाली, तरी अनुदान वाढले नाही तर दोन्ही अशक्त राहतात. हा हिशेब विभाजनापूर्वी कोणी मांडला असता, तर तो मांडण्याची पहिली जागा विद्यापीठाचे नियामक मंडळ हीच होती.

मंडळात कोण बसते

कर्नाटकातील सर्वसाधारण विद्यापीठांचा कारभार ‘कर्नाटक राज्य विद्यापीठे अधिनियम, २०००’ या कायद्यानुसार चालतो. येथे मराठी वाचकाचा शब्दांमुळे गोंधळ होण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात राज्यपालांना ‘कुलपती’ आणि विद्यापीठाच्या प्रमुखाला ‘कुलगुरू’ म्हणतात. कन्नडमध्ये विद्यापीठाचा प्रमुख ‘कुलपती’ असतो आणि राज्यपाल ‘कुलाधिपती’. बिदरच्या कन्नड वृत्तपत्रात ‘कुलपतींनी आदेश दिला’ असे छापून आले, तर तो आदेश राजभवनातून आलेला नसतो. या लेखात मराठीतील रूढ अर्थच घेतला आहे.

कायद्यानुसार विद्यापीठाची मुख्य कार्यकारी सत्ता ‘सिंडिकेट’कडे असते. गोव्यात हेच काम कार्यकारी परिषद करते, महाराष्ट्रात व्यवस्थापन परिषद. अर्थसंकल्प मंजूर करणे, मालमत्ता सांभाळणे, नेमणुका करणे, महाविद्यालयांच्या संलग्नतेची शिफारस करणे, हिशेब आणि लेखापरीक्षणातील आक्षेप पाहणे ही या मंडळाची कामे. विद्या परिषद अभ्यासक्रम आणि परीक्षांचे शैक्षणिक स्वरूप ठरवते, तर वित्त समिती पैशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवते.

सिंडिकेटचे अध्यक्षपद कुलगुरूंकडे असते. सदस्यांमध्ये राज्य सरकारने नेमलेल्या व्यक्ती, कुलपतींनी नेमलेल्या व्यक्ती, उच्च शिक्षण खात्याचे अधिकारी, विद्याशाखांचे अधिष्ठाता आणि प्राचार्य असतात. कुलगुरूंची नियुक्ती शोध समितीने सुचवलेल्या नावांतून राज्यपाल करतात, परंतु राज्य सरकारच्या सहमतीने. कुलसचिव, परीक्षांची जबाबदारी असलेले मूल्यमापन कुलसचिव आणि वित्त अधिकारी यांची नेमणूकही सरकारच करते.

ही रचना नीट पाहिली की तिच्यातील अडचण लक्षात येते. विद्यापीठाला अनुदान सरकार देते. पदे भरण्याची परवानगी सरकार देते. महाविद्यालयांच्या संलग्नतेवर अंतिम मोहोर सरकारची. विद्यापीठाचे तीन प्रमुख अधिकारी सरकारचे. आणि या साऱ्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळातील अनेक जागाही सरकारच भरते. मग अनुदान वेळेवर आले नाही, मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, तर मंडळाने जाब कोणाला विचारायचा? आपल्याला नेमणाऱ्यालाच तो विचारावा लागतो आणि अशा स्थितीत बहुतेक मंडळे तो विचारतच नाहीत. नामनियुक्त सदस्य प्रामाणिक नसतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्यात नामवंत प्राध्यापक असतात, समाजकार्यकर्ते असतात. परंतु ज्या सदस्याचे स्थान सरकार बदलताच धोक्यात येते, त्याच्याकडून सरकारविरुद्ध ठाम भूमिकेची अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

सीमेपलीकडे, मन्नाएखेळ्ळीपासून काही तासांच्या अंतरावर, उदगीर आणि देगलूर आहेत. तेथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेही १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठातून वेगळे झालेले विद्यापीठ. ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ प्रमाणे तेथे अधिसभा आहे आणि तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल या अधिसभेपुढे येतात. उदगीरचा पदवीधर आपले नाव नोंदवून मत देऊ शकतो. भालकीच्या पदवीधराला बिदर विद्यापीठाच्या कारभारात अशी मतपेटी नाही. बोली एक, बाजार एक, सोयरीक एक. विद्यापीठात आवाज मात्र एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही.

मतपेटी हेच उत्तर नव्हे

तरीही महाराष्ट्राची पद्धत आदर्श आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना अमलात आणला. निकाल रखडले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि पुढील प्रवेश, नोकऱ्या, परदेशी शिक्षण यांच्या प्रतीक्षेत असलेले असंख्य विद्यार्थी अडकले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. एवढा मोठा बदल करण्यापूर्वी तो एका विद्याशाखेत तपासून पाहावा, असा आग्रह धरणे हे देखरेखीचे काम होते. ते वेळेवर झाले नाही, म्हणून शेवटी राजभवनाला शस्त्रक्रिया करावी लागली.

त्याच विद्यापीठातील पदवीधर गटाची अधिसभा निवडणूक पुढे अनेकदा लांबली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती झाली आणि युवा सेनेने दहाही जागा जिंकल्या. निवडणूक आली की पक्षही येतात आणि अधिसभा हे पक्षीय चढाओढीचे आणखी एक मैदान होते. म्हणून ‘निवडून आलेले चांगले आणि नेमलेले वाईट’ अशी विभागणी टिकत नाही. पण एक गोष्ट निश्चित म्हणता येते. अधिसभेत प्रश्न विचारले जातात, त्याची बातमी होते आणि बातमी झाली की प्रशासनाला उत्तर द्यावे लागते. मतपेटीपेक्षाही या उघडेपणाचे मोल मोठे आहे. बंद दाराआडच्या बैठकीत सर्वोत्तम माणसे बसली, तरी बाहेरच्याला ती काय करतात हे कळत नाही. आणि जे कळत नाही त्यावर विश्वास बसत नाही.

गोव्यानेही २०२५ मध्ये याचा अनुभव घेतला. प्रश्नपत्रिकेसंबंधीच्या आरोपांनी गोवा विद्यापीठ हादरले आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. चौकशी समिती आवश्यकच असते. परंतु ती नेहमी घटनेनंतर येते. घटनेपूर्वी कुलुपे, किल्ल्या आणि कार्यपद्धती तपासणे हे नियामक मंडळाचे नित्याचे काम. ज्या राज्यात एकच राज्य विद्यापीठ आहे, तेथे त्या विद्यापीठाची चूक संपूर्ण राज्याच्या पदवीवर डाग पाडते. बिदरच्या प्रश्नाकडे गोव्याने परक्याचा प्रश्न म्हणून पाहू नये, याचे हेही एक कारण.

राजभवन की मंत्रालय?

विद्यापीठांच्या नियमनाचा वाद सध्या देशभर एकाच वळणावर अडला आहे: अधिकार राज्यपालांचे की निर्वाचित सरकारचे? डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील महाविकास आघाडी सरकारने कायदा बदलून कुलगुरू निवडीत सरकारचा हात वाढवला. २०२२ मध्ये सत्तांतर होताच तो बदल मागे घेतला गेला. केरळ आणि तामिळनाडूत राज्यपाल आणि सरकार यांच्यातील संघर्ष न्यायालयापर्यंत गेला. कर्नाटकात डिसेंबर २०२४ च्या बेळगाव अधिवेशनात, गदग येथील ग्रामविकास आणि पंचायत राज विद्यापीठाचे कुलपतिपद राज्यपालांऐवजी मुख्यमंत्र्यांकडे देणारे विधेयक मांडले गेले. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शोध समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देणारा मसुदा प्रसिद्ध केला. त्याला विरोध करण्यासाठी फेब्रुवारीत बंगळुरूत अनेक राज्यांच्या उच्च शिक्षण मंत्र्यांची परिषद झाली. कुलगुरूंची नियुक्ती आयोगाच्या नियमांना धरूनच व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुजरात आणि केरळमधील प्रकरणांत स्पष्ट केले होतेच.

हा वाद महत्त्वाचा आहे. संघराज्याच्या तत्त्वाशी त्याचा संबंध आहे. पण मन्नाएखेळ्ळीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी फारसा फरक पडत नाही. कुलगुरूंच्या नेमणूकपत्रावर राजभवनाची सही असो वा विधानसौधाची, निकाल वेळेवर लागणार का, गणित शिकवायला कायम अध्यापक येणार का आणि वसतिगृह कधी होणार, या प्रश्नांची उत्तरे त्या सहीतून मिळत नाहीत. नियुक्तीचा अधिकार कोणाचा यावर वर्षे खर्ची पडतात. नियुक्त झालेल्यांनी वर्षभरात काय केले, यावर एक दिवसही चर्चा होत नाही.

मंडळाला डावलून निर्णय कसे होतात, याचे उत्तम उदाहरण अभ्यासक्रमाचेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रीय शिक्षण धोरण अमलात आणणारे कर्नाटक हे पहिले राज्य ठरले. पदवी चार वर्षांची झाली. पुढे सरकार बदलले. अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांवर आली. मधल्या काळात बिदर जिल्ह्याचे विद्यापीठही बदलले. एकाच घरातील दोन भावंडांनी तीन वर्षांच्या अंतराने एकाच महाविद्यालयात प्रवेश घेतला असेल, तर त्यांचे विद्यापीठ वेगळे, पदवीची रचना वेगळी आणि विषयांची जुळणीही वेगळी असू शकते. प्रत्येक बदलाची गुणवत्ता स्वतंत्रपणे तपासता येईल. परंतु अभ्यासक्रम हा ज्या विद्या परिषदेचा प्रांत, तिच्याकडे दोन्ही वेळा तयार आदेश आला आणि तिने तो स्वीकारला.

पैसा, माणसे, परीक्षा

नियामक मंडळाची देखरेख मोजायची तर तीन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी पैशाची. नव्या विद्यापीठाच्या इमारतींसाठी आणि उपकरणांसाठी या भागात एक वेगळी शक्यता आहे. राज्यघटनेच्या ३७१(ज) या अनुच्छेदानंतर २०१३ मध्ये स्थापन झालेले आणि आता ‘कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ’ या नावाने ओळखले जाणारे मंडळ कलबुर्गीत आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सोयींवरही त्याचा निधी खर्च होतो. सिंडिकेटने पाच वर्षांचा आराखडा करून, कोणती इमारत कोठे, किती विद्यार्थ्यांसाठी आणि कोणत्या वर्षी, हे ठरवून या निधीवर हक्क सांगितला पाहिजे. आराखडा नसला की निधी लोकप्रतिनिधींच्या पसंतीप्रमाणे वाटला जातो आणि कमान उभी राहते, प्रयोगशाळा राहून जाते.

दुसरी कसोटी माणसांची. कर्नाटकातील सरकारी महाविद्यालये आणि विद्यापीठे मोठ्या प्रमाणावर ‘अतिथी उपन्यासकां’वर, म्हणजे तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालतात. गोव्यातील ‘लेक्चर बेसिस’वरील अध्यापकांची व्यथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. अशा अध्यापकाला संशोधनासाठी वेळ नसतो, पुढील वर्षाची शाश्वती नसते आणि विद्यापीठाच्या कोणत्याही मंडळात त्याला स्थान नसते. कायम पदे भरण्याची परवानगी सरकारकडे असली, तरी किती पदे मंजूर आहेत, किती रिकामी आहेत आणि ती केव्हापासून रिकामी आहेत, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करण्यापासून सिंडिकेटला कोणी रोखलेले नाही. ३७१(ज)मुळे या प्रदेशातील शिक्षणसंस्थांत आणि नोकऱ्यांत स्थानिकांसाठी राखीव हिस्सा आहे. पदेच भरली नाहीत तर तो हिस्सा कागदावर राहतो. घटनादुरुस्तीने दिलेला हक्क असा मुकाट्याने वाया जातो आणि त्याची तक्रार करणारे मंडळ गप्प बसते, तेव्हा त्या मौनाची किंमत या भागातील तरुण मोजतात.

तिसरी कसोटी परीक्षांची. वेळापत्रक वर्षारंभी जाहीर झाले का, निकाल ठरलेल्या दिवशी लागले का, पुनर्मूल्यांकनात किती विद्यार्थ्यांचे गुण बदलले? हा शेवटचा आकडा फार बोलका असतो. तो मोठा असेल तर मूळ तपासणीतच दोष आहे, हे उघड होते. म्हणूनच बहुतेक विद्यापीठे तो स्वतःहून सांगत नाहीत आणि म्हणूनच सिंडिकेटने तो मागवला पाहिजे.

मराठीचा कोपरा

मराठी वाचकासाठी या विषयाचा आणखी एक पदर आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद या तालुक्यांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. सीमावादाच्या राजकारणापलीकडे मराठी ही येथील हजारो घरांची रोजची भाषा आहे. गुलबर्गा विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, म्हणजे या भागात पदव्युत्तर मराठीची एक परंपरा निर्माण झाली. पण मराठी बोलणारी बहुतांश लोकवस्ती बिदर जिल्ह्यातील. आणि तो जिल्हा आता वेगळ्या विद्यापीठात गेला. मग मराठीचे अभ्यास मंडळ कोणाकडे? पाठ्यपुस्तके कोण ठरवणार, प्रश्नपत्रिका कोण काढणार, तपासणीसाठी अध्यापक कोठून आणणार?

असे प्रश्न मंत्रिमंडळाच्या बैठकीत येत नाहीत आणि यावेत अशी अपेक्षाही नसते. ते नियामक मंडळाच्या पातळीवरच सुटायचे असतात. एका छोट्या भाषिक समूहाचा विषय विद्यार्थीसंख्या कमी या एका ओळीच्या शेऱ्याने बंद होऊ शकतो आणि मंडळात त्या विषयाची जाण असलेली एक व्यक्ती असली, तर शेजारच्या नांदेड किंवा सोलापूर विद्यापीठाशी सहकार्याचा करार करून तो वाचूही शकतो. उर्दू आणि तेलुगूबाबतही हेच म्हणता येईल. गोव्यात मराठी आणि कोकणी हे दोन्ही विषय विद्यापीठात टिकून आहेत, यामागे समाजाचा रेटा आहे, तसाच विद्यापीठाच्या मंडळांत त्या भाषांसाठी बोलणाऱ्यांचा वाटाही आहे.

आश्रयदाता गेला की

बिदर शहरात महमूद गावानचा मदरसा आजही उभा आहे. बहमनी सल्तनतीच्या या वजिराने १४७२ मध्ये गोवा जिंकून घेतला. त्याच वर्षी बिदरच्या या विद्यालयाची इमारत पूर्ण झाली. दूरदेशीचे विद्वान तेथे शिकवत, मोठा ग्रंथसंग्रह तेथे होता. १४८१ मध्ये दरबारातील कारस्थानाला बळी पडून सुलतानाने गावानला मृत्युदंड दिला. पुढे बहमनी सत्ताच खिळखिळी झाली आणि १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. मदरशाची वास्तू भव्य होती आणि हेतू उदात्त होता, पण तिचा आधार एका आश्रयदात्याच्या इच्छेवर होता.

आधुनिक विद्यापीठाला कायदा, सिंडिकेट, विद्या परिषद आणि लेखापरीक्षण दिले गेले ते याच कारणाने. आश्रयदाता बदलला तरी संस्था चालावी, ही त्यामागची अपेक्षा. २०२२ मध्ये एका सरकारने कायदा करून सात विद्यापीठे दिली. २०२५ मध्ये दुसऱ्या सरकारच्या उपसमितीने त्यांपैकी सहा परत घेण्याची शिफारस केली. दोन्ही वेळा संस्थेच्या स्वतःच्या मंडळाला विचारले गेले नाही. बिदर वगळले गेले याचे समाधान जिल्ह्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण महाविद्यालयांच्या संख्येवर मिळालेले जीवदान हे पुढच्या आढाव्यापर्यंतच टिकते.

यावर कायदा बदलण्याची वाट न पाहता करता येण्यासारखी कामे आहेत. सिंडिकेटच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त महिन्याभरात विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कन्नडमध्ये प्रसिद्ध व्हावे. लेखापरीक्षणातील आक्षेप आणि त्यांवरील उत्तरे त्यासोबत यावीत. वर्षातून दोनदा सिंडिकेटने तालुक्याच्या ठिकाणी, हुमनाबाद, बसवकल्याण किंवा औराद येथे, प्राचार्य, अध्यापक, विद्यार्थी आणि पालकांसमोर बसून प्रश्न ऐकावेत. सरकारनेही सदस्य नेमताना जिल्ह्याबाहेरील नामवंतांबरोबर ग्रामीण महाविद्यालयांचा अनुभव असलेल्यांना स्थान द्यावे. आणि विद्यापीठाची कक्षा बदलणे, ते विलीन करणे किंवा बंद करणे यांविषयीच्या कोणत्याही प्रस्तावावर सिंडिकेटचे लेखी मत विधिमंडळापुढे ठेवणे कायद्यानेच बंधनकारक व्हावे. मत मानायचे की नाही, हा निर्वाचित सरकारचा अधिकार आहे. ते मागण्याचा शिष्टाचार मात्र पाळला गेला पाहिजे.

यातील पहिल्या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही. त्यांना लागते ती प्रश्नांना सामोरे जाण्याची तयारी. बसवकल्याण याच जिल्ह्यात आहे आणि बाराव्या शतकातील अनुभव मंटपाचा अभिमान येथे सर्वपक्षीय आहे. वेगवेगळ्या कायकाच्या स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून प्रश्नोत्तरे करण्याची ती परंपरा मानली जाते. जिल्ह्याच्या विद्यापीठाने त्या परंपरेचे नाव भाषणांत घेण्याऐवजी आपल्या बैठकीचे दार थोडे उघडे ठेवले, तरी पुढील उपसमिती बसेल तेव्हा विद्यापीठाच्या बाजूने बोलण्यासाठी महाविद्यालयांच्या संख्येपेक्षा भक्कम पुरावा जिल्ह्याच्या हाती असेल.